भोपळ्यातला खडा

विद्युल्लताबाईंचा उजवा गुडघा त्यांच्या आधी दोन वर्षं निवृत्त झाला. बाईंनी जव्हारच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, मग पेन्शन सुरू झाली, सत्काराची शाल कपाटात गेली. गुडघ्याला शाल कोणी दिली नाही. ठाण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि गुडघा बदलावा लागेल म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, विचार करते. त्यांनी जो विचार केला तो जव्हारमध्ये कोणाला कळला असता, तर बाईंना गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

कारण बाई 'विज्ञानदृष्टी मंडळा'च्या अध्यक्ष होत्या. भगत, मांत्रिक, गंडेदोरे, झाडपाला या सगळ्यांवर माईक हातात आला की त्या तुटून पडत, आणि माईक नसला तरी पडत. अशा या बाई दर बुधवारी सकाळी दहाच्या जीपमध्ये पदर डोक्यावरून घेऊन, कोपऱ्यातली सीट धरून, दाभोसाच्या अलीकडच्या पाड्यावर फागीकडे जात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कोणी म्हटलं असतं तर बाईंना राग आला असता. आणि खरं सांगायचं तर पाषाण बाईंच्या पर्समध्येच असायचा. त्याची गोष्ट पुढे येईलच.

फागी ही सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, बोलायला तुटक म्हातारी. ती निर्गुडीचा पाला तेलात गरम करून गुडघ्यावर बांधी, आणखी दोन मुळ्या उगाळून लावी, त्यांचं नाव मात्र सांगत नसे, आणि वरून तीन फुंकरा मारी. तिसऱ्या फुंकरीनंतर गुडघा खरोखर हलका होई. निर्गुडीने सूज उतरते हे बाईंनी पुस्तकात वाचून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांची विवेकबुद्धी शाबूत होती. फुंकरीबद्दल त्या विचारच करत नसत.

फागीच्या घरचा एक जुना रिवाज होता. औषधाचा पैसा हातात घ्यायचा नाही. घेतला तर औषध पांगळं होतं. दाराच्या खांबाला एक वाळका, पोकळ भोपळा टांगलेला होता, त्याला वरून बोटभर भोक. जाताना माणसाने जे द्यायचं ते त्यात टाकायचं. त्या वेळी फागी पाठ करून बसायची. देणाऱ्याने सांगायचं नाही, घेणारीने बघायचं नाही. फक्त एक नियम होता, भोपळ्यात आवाज झाला पाहिजे. मुकाट निघून जाणं हा औषधाचा अपमान. ज्याच्याकडे काहीच नसेल त्याने खडा टाकावा. नाणं पडलं काय आणि खडा पडला काय, भोपळा बोलला की झालं. अमावस्येला भोपळा उलटा केला की त्यातून काय निघेल ते निघेल.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बाईंच्या झाकल्या मुठीत चार वर्षं दर बुधवारी खडा होता.

पेन्शन चांगली होती, घर स्वतःचं होतं, मुलगा पुण्यात कमावत होता. कंजूषपणाचा प्रश्नच नव्हता, प्रश्न तत्त्वाचा होता, असं बाईंचं म्हणणं. पैसे देणं म्हणजे मान्यता देणं. पाला आपण वापरतो, कारण पाल्यात औषध आहे. पण फुंकरीला पैसे मोजले तर उद्या मंडळाच्या व्यासपीठावर कुठल्या तोंडाने उभं राहायचं? खड्याने मात्र कोणाचंच काही बिघडत नव्हतं, ना औषधाचं ना तत्त्वाचं. गॅलरीतल्या कुंडीत शोभेसाठी पसरलेले पांढरे, गुळगुळीत खडे होते, त्यातला एक बाई दर मंगळवारी संध्याकाळी धुऊन, पुसून, पर्सच्या चेनच्या कप्प्यात ठेवत. माणूस व्यवस्थित असला की तो लबाडीही व्यवस्थित करतो.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात फागीची सून हर्षदा हिने सुधारणा केली.

हर्षदा बारावी झालेली, हुशार, आणि सासूच्या रिवाजापायी घरात मीठ आणायचे वांधे होतात हे रोज बघणारी. तिचं म्हणणं साधं होतं. जव्हारहून येणाऱ्या लोकांच्या खिशात आता नाणी नसतात, फोन असतो. भोपळ्यापाशी येतात, खिसे चाचपतात, ओशाळून खडा टाकतात आणि जातात. म्हणून तिने भोपळा उतरवून त्यात दुधीचं बी भरून ठेवलं, खांबाला फोनवरून पैसे भरायचा कोड चिकटवला आणि शेजारी तो बोलणारा डबा ठेवला.

त्या बुधवारी अंगणात सहा माणसं बसली होती. कचेरीतला एक कारकून पाठीचं औषध घेऊन उठला, फोन कोडसमोर धरला, आणि डबा साऱ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अकरा रुपये प्राप्त झाले." सहाही माना वळल्या. कारकून लाल झाला. पुढच्या बाईने त्या धसक्याने एक्कावन्न दिले. हर्षदा फोनमध्ये बघून देणाऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, कौतुकाने वाचून दाखवत होती. फागी चुलीपाशी कपाळाला हात लावून बसली होती.

"औषध मेलं," ती म्हणाली. "कोनी किती दिला ते माना समजला. आता हात त्याच्या गुडघ्यावर आनी ध्यान अकरा रुपयावर."

विद्युल्लताबाईंचा नंबर आला. पर्समध्ये खडा, समोर डबा. डब्यात खडा टाकता येत नाही. शिवाय आपलं नाव, 'विद्युल्लता' हे जव्हार तालुक्यात एकमेव असलेलं नाव, हर्षदाच्या तोंडून अंगणात घुमणार होतं. बाईंनी फोन काढला, दोनदा झटकला आणि एकतीस वर्षांच्या शिक्षकी आवाजात म्हणाल्या, "सर्व्हर डाऊन आहे."

"रेंज इथं येते नि जाते बाई, त्या ऐनाच्या झाडाखाली पक्की मिळते, तिथं जावा," हर्षदा म्हणाली. बाई ऐनाच्या झाडाखाली गेल्या, आणि झाडाखालून तशाच जीपच्या रस्त्याला लागल्या. गुडघा बांधलेला असूनही त्या एवढ्या चपळ कधी चालल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्या जव्हारच्या एसटी स्टँडसमोर परागच्या मोबाइलच्या दुकानात उभ्या होत्या. पराग त्यांचा विद्यार्थी. दहावीला विज्ञानात काठावर सुटलेला, पण आता बिटकॉइनबद्दल बोलायला लागला की गिऱ्हाईक चार्जर विसरून पळून जाई.

"पराग," बाई म्हणाल्या, "एका गरीब आदिवासी औषधवालीच्या रुग्णांच्या गोपनीयतेचा प्रश्न आहे. मी मंडळाच्या वतीने सर्वेक्षण करते आहे."

"कोण औषधवाली, मॅडम?"

"ते गोपनीय आहे," बाई म्हणाल्या, आणि मग कोड कुठे लावायचा हे सांगण्यापुरता पाड्याचा पत्ता दिला.

परागला उत्साहाला निमित्तच हवं होतं. बिटकॉइनच्या वर एक दुसरा थर असतो, त्यातून चिल्लर क्षणात इकडून तिकडे जाते, नाव नाही, बँक नाही, बोलणारा डबा नाही. गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये दोन-पाचशे रुपयांचं बिटकॉइन तो भरून देणार, आणि फागीच्या घरी जमेल त्याचे रुपये महिन्याच्या शेवटी हर्षदाला देणार. जव्हारमधून फागीकडे लपूनछपून जाणारी माणसं किती, हे त्याला आठ दिवसांत कळलं. दुकानात येणारा प्रत्येक जण सांगत होता की हे आपल्या एका मित्रासाठी आहे.

पहिला कोड परागने छापून खांबाला लावला. पहिल्या माणसाचे पैसे गेले. दुसऱ्याचे जाईनात. तिसऱ्याने कोडवर थुंकी लावून पुसून बघितलं.

"हा कोड म्हणजे एका वेळची पावती, ती एकदाच चालते हो, एसटीच्या तिकिटासारखी," पराग फोनवर म्हणाला. "एकाने भरली की संपली. दर माणसाला नवी काढावी लागते."

"म्हणजे दर पेशंटला तुला जव्हारहून बोलवायचं?" हर्षदाने विचारलं.

मग परागने दुसरी तऱ्हा काढली. कोड एकच, कितीही वेळा वापरा. दर वेळची नवी पावती त्याच्या दुकानातला कॉम्प्युटर काढून देईल. हे झकास चाललं. भोपळ्यातलं बी काढून त्याला पुन्हा खांबावर टांगलं, आणि कोड त्याच्याच पोटावर चिकटवला. पाड्यातली माणसं नाणी टाकत, जव्हारची माणसं फोन दाखवत. आणि बाईंना या पद्धतीत एक रत्न सापडलं. बिटकॉइनचा सगळ्यात बारका तुकडा, त्याला सॅट म्हणतात. एका सॅटची किंमत दहा पैसेही होत नाही. बाईंनी बुधवारी एक सॅट पाठवला आणि त्यांना फार हायसं वाटलं. विज्ञानाने अखेर खड्यालाही पर्याय शोधला होता.

गुरुवारी भाजी घेऊन येताना परागने दुकानातून हाक मारली. "मॅडम! काल सव्वाअकराला एक सॅट आला, तुमच्या फोनवरून. टेस्ट केली वाटतं? आणि गुडघा कसा आहे आता?"

बाईंच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली.

"तुला कसं कळलं?"

"सगळं माझ्याच कॉम्प्युटरमधून जातं ना. कोण, कधी, किती. कचेरीतले साहेब तर..."

"पराग!" दहावी ब ला गप्प करणारा तो आवाज एसटी स्टँडपर्यंत गेला. "म्हणजे आधी डबा बोलत होता, आता तू बोलतोस. डबा निदान आकडाच सांगत होता. तू गुडघ्याची चौकशी करतोस! माणसाने काय दिलं, कुठे दिलं, का दिलं, हे मधल्या माणसाला कळायचं कारण काय? भोपळ्याला डोळे होते का?"

रस्त्यावरची माणसं थांबून ऐकू लागली. बाई गोपनीयतेवर वीस मिनिटं बोलल्या. इतकं मनापासून त्या आयुष्यात कुठल्याच व्यासपीठावर बोलल्या नव्हत्या, कारण प्रत्येक शब्दामागे त्या एका सॅटची धास्ती होती. परागचे डोळे पाणावले. त्याला वाटलं, मॅडम गोरगरिबांसाठी किती तळमळतात.

त्या तळमळीतून तिसरी तऱ्हा आली. यात दुकान मधे नाही. कोड एकच, कायमचा. माणसाने तो वाचला की त्याचा फोन बिटकॉइनच्या जाळ्यातूनच फागीच्या घरच्या फोनला विचारतो, बाबा, एक नवी पावती दे. तो फोन आपली आपण पावती धाडतो. आणि रस्ता झाकलेला असतो. देणाऱ्याच्या फोनला कळत नाही की घेणारा कुठल्या डोंगरात बसलाय, घेणाऱ्याला कळत नाही की देणारा कोण, आणि मधे जे निरोप पोचवतात त्यांना मागचा एक आणि पुढचा एक एवढेच शेजारी दिसतात. अडचण एकच होती. घेणाऱ्याचा फोन सदा जागा आणि रेंजमध्ये पाहिजे.

सदा टिकणारी रेंज फक्त ऐनाच्या झाडाखाली. म्हणून भोपळा अंगण ओलांडून ऐनाच्या फांदीला गेला, आणि हर्षदाचा जुना फोन फडक्यात गुंडाळून भोपळ्याच्या पोटात गेला. रात्री चार्जिंगला घरात, सकाळी झाडावर. नाण्यांसाठी शेजारी दुसरा भोपळा टांगला. फागीने हे सगळं बघून घेतलं आणि एकच अट घातली.

"पाच रुपया येवो का पाचशे, आवाज एकच पाहिजे."

हर्षदाने फोनमध्ये तसा आवाज शोधला. पैसे आले की भोपळ्याच्या पोटातून 'टक' असा आवाज येई, अगदी खडा पडल्यासारखा. पडद्यावरचा आकडाही तिने झाकून टाकला. महिन्याची एकूण रक्कम परागकडे गेल्यावर कळायची, तेवढं पुरे. फागीने पाठ फिरवून चार-पाच वेळा ते 'टक' ऐकलं आणि म्हणाली, "औषध जिता झाला."

यानंतर बाईंचे सुखाचे दिवस आले. दर बुधवारी पाला, तीन फुंकरा, ऐनाखाली एक सॅट, टक. परागला दिसत नाही, हर्षदाला दिसत नाही, फागीला दिसत नाही. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला मंडळ बाईंचा सत्कार करणार होतं. 'अंधश्रद्धेविरुद्ध अथक लढा' असं मानपत्रात लिहायचं ठरलं होतं. मजकूर बाईंनीच लिहून दिला होता.

सत्काराच्या आदल्या बुधवारी फागीने गुडघा बांधला, फुंकरा मारल्या, आणि बाई उठू लागल्या तशी त्यांचा हात धरला.

"बस बाय. एक काम हाय तुझ्याकडं."

ती आत गेली आणि एक मोठं गाठोडं ओढत घेऊन आली. त्यात नागली, म्हणजे नाचणी, होती, पाखडून स्वच्छ केलेली, चांगली दहा-बारा किलो. दुसऱ्या हातात फडक्याची पुरचुंडी. तिने पुरचुंडी सोडली. पांढरे, गुळगुळीत, धुतलेले खडे अंगणातल्या शेणसारवणावर पसरले. उन्हात ते जव्हारच्या गॅलरीत चमकत तसेच चमकले.

बाईंनी पर्सची चेन नकळत लावून घेतली.

"आमच्याकडं दगूड काळा," फागी म्हणाली. "पाड्यातला मानूस खडा टाकतो, तो वाटेवरचा, काळा, माती लागलेला. तो माना ठावा हाय, त्याला पुढच्या येली मी नागली देतेच. पण हा पांढरा. चार वरीस, दर अमावस्येला चार-पाच तरी निघत. हा मानूस लांबचा. शहरातला."

"असेल कोणी," बाई म्हणाल्या.

"लई गरीब असल गं," फागी म्हणाली. "गाडीभाड्याला पैसा घालवून येतो, आनी औषधाला काय उरत नाय. तरी लाज केवढी हाय बघ! खडा कसा धुऊन आनतो. द्यायला काय नाय, तर निदान स्वच्छ देऊ. असा मानूस मी नाय बघितला."

हर्षदा पाटा-वरवंट्यावरून म्हणाली, "आई खड्यामागं एक मूठ नागली बाजूला काढते बाई, लग्न झालं तेव्हापासून बघते. घरात उणं असलं तरी त्याला हात लावू देत नाही."

"त्याचा वाटा हाय तो," फागी म्हणाली. "पन तो कोन ते माना ठावा नाय. विचारायचा नाय, रिवाज तसा. आता तर फोन झाला, खडाही दिसत नाय. तू शिकलेली हायस बाय. तुना जव्हारची सगळी घरं ठावी. असा उपाशी, लाजरा मानूस कोन हाय ते बघ, आनी ही नागली त्याच्या घरी दे. माझा नाव नको सांगू."

बाईंनी फागीच्या तोंडाकडे बघितलं. सुरकुत्यांत दोन डोळे, निवांत, पाण्यासारखे. ही टोमणा मारते आहे की खरंच बोलते आहे? एकतीस वर्षं कॉपी करणारी पोरं नुसत्या नजरेने पकडणाऱ्या बाईंना त्या डोळ्यांतून काहीही वाचता आलं नाही. पुढे कधीच आलं नाही.

त्यांना रडू फुटलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी नुसती लाज वाटली, तळपायापासून कानापर्यंत, शाळेतल्या पोरीसारखी. बारा किलो नागली! चार वर्षं ही म्हातारी, जिच्या घरी मिठाचे वांधे, ती आपल्या कुंडीतल्या खड्यांसाठी तोंडचा घास बाजूला काढत होती. तत्त्व म्हणे. कसलं तत्त्व? मेलं ते तत्त्व.

"देते," बाई म्हणाल्या. "त्या घरी पोचवते."

गाठोडं काखेत धरून त्या ऐनाखाली गेल्या. पाठीमागे फागी रिवाजाप्रमाणे पाठ करून बसली. बाईंनी फोन काढला. परागने भरून दिलेल्या पाचशेतले जवळजवळ सगळे शिल्लक होते. एकेका सॅटने कितीसं जाणार? त्यांनी होते नव्हते तेवढे सगळे लिहिले आणि कोड वाचला.

टक.

तेवढाच आवाज. चार वर्षांत पहिल्यांदा बाईंना वाटलं की डबा असता तर बरं झालं असतं. त्याने घसा फोडून आकडा सांगितला असता, हर्षदाने नाव वाचलं असतं, सगळ्या माना वळल्या असत्या. आत्ता मात्र त्या पाचशे रुपयांचा आवाज मागच्या बुधवारच्या सॅटसारखाच होता. एसटी स्टँडसमोर वीस मिनिटं घसा कोरडा करून त्यांनी स्वतःच तो तसा करून घेतला होता. आणि देणाऱ्याने सांगायचं नाही.

त्या जीपच्या रस्त्याकडे वळल्या, तेवढ्यात मागून हाक आली.

"बाय! थांब गं."

फागी कमरेवर हात ठेवून, हळूहळू चढ चढत येत होती. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

"आता खडा कुठला नि पैसा कुठला ते समजत नाय ना," ती धापा टाकत म्हणाली. "म्हनून मी दर आवाजाला एक मूठ काढते. चुकून कोनी उपाशी राहायला नको. आत्ताच एक वाजला, ऐकलास? ही त्याची. घे."

विद्युल्लताबाईंनी गाठोडं खाली ठेवलं, गाठ सोडली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.